मनाचा वेग आणि मानसशास्त्राचा जन्म

वेगाची परिसीमा सांगावयाची झाली म्हणजे मराठी माणूस वाऱ्यापाशी थांबत नाही. त्याच्याही पुढे जाऊन तो मनाचे नाव घेतो. ‘मनोवेगाने’ हा शब्द पुराणिकाच्या तोंडी जसा आढळतो तसाच घरगुती बोलण्यातही आढळतो. बसल्या जागेवरून काशीस जाऊन परत यावयास मनाला निमिषही लागत नाही, ही कल्पना आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. युरोपातील पंडितही या बाबतीत फारसे निराळे नव्हते. काटा रुतला आणि वेदना झाली, इच्छा झाली आणि हात उचलला गेला. या दोन घटनांच्या मध्ये काही काळ जात असेल असे थोड्यांनाच वाटे, आणि तो काळ मोजता येईल असे मानणारे तर त्याहूनही थोडे होते. १८५० साली एका अठ्ठावीस वर्षांच्या प्राध्यापकाने तो मोजून दाखविला. मोजला तोही माणसाच्या देहात नव्हे, तर बेडकाच्या पायात. परंतु त्या मोजणीपासून जी परंपरा निघाली, तिने मानसशास्त्राला तत्त्वज्ञानाच्या घरातून उचलून प्रयोगशाळेत आणून बसविले. हे स्थलांतर कसे घडले, आणि त्यात मानसशास्त्राच्या पदरात काय पडले व काय पडले नाही, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या कथेतील तीन महत्त्वाची माणसे एकाच गावची आहेत, हा एक मनोरंजक योगायोग होय. बाल्टिक समुद्राजवळचे क्योनिग्सबेर्ग हे ते गाव. तेव्हा ते प्रशियात होते. आज ते रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड असे आहे. पहिला पुरुष म्हणजे तत्त्वज्ञ कांट. त्याने आपले आयुष्य याच गावी अध्यापनात घालविले. १७८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात त्याने असा अभिप्राय दिला की, मानसशास्त्राला खऱ्या अर्थाने विज्ञान होता येणार नाही; कारण अंतःकरणातील घडामोडींना गणित लागू पडत नाही, आणि मन स्वतःकडे पाहू लागले की पाहण्याच्या क्रियेनेच ते बदलून जाते. कांटचा हा निर्णय पुढे बराच काळ वजनदार मानला गेला. मनाचा अभ्यास करावयाचा तो चिंतनाने. तराजू व घड्याळ यांचे तेथे काम नाही, असे त्याचे फलित होते.

मज्जातंतूंचे संशोधन मात्र स्वतंत्रपणे पुढे चालले होते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने मज्जातंतू ही पोकळ नळी कल्पिली होती; मेंदूतून निघालेले एक अतिसूक्ष्म द्रव्य या नळ्यांतून वाहते आणि स्नायूंना फुगविते, असे त्याचे मत होते. त्याच्या मृत्यूनंतर १६६२ साली हे विवेचन प्रसिद्ध झाले. १७९१ साली इटलीतील बोलोन्या येथील गाल्वानी याने बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग जाहीर केले, आणि त्या सूक्ष्म द्रव्याच्या जागी विजेचे नाव ऐकू येऊ लागले. पुढे इंग्लंडात चार्ल्स बेल याने १८११ साली आणि फ्रान्समध्ये मॅझांदी याने १८२२ साली पृष्ठरज्जूतून निघणाऱ्या तंतूंच्या मुळांविषयी शोध केले. पहिला मान कोणाचा यावर पुष्कळ वाद माजला. परंतु मॅझांदीच्या प्रयोगांनी निष्कर्ष निर्विवाद केला. मागील मुळे ज्ञान आत नेतात आणि पुढील मुळे आज्ञा बाहेर आणतात. येण्याची वाट निराळी, जाण्याची वाट निराळी. संवेदना आणि हालचाल हे तत्त्वज्ञांचे दोन शब्द आता शवविच्छेदनाच्या मेजावर बोटाने दाखविता येऊ लागले.

यापुढचे पाऊल बर्लिनच्या योहानेस म्युलर याने टाकले. डोळा मिटून बुबुळावर हलकेच दाब दिला असता उजेडाचे कडे दिसते, हा अनुभव कोणासही घेता येईल. तेथे प्रकाश नसतो, केवळ दाब असतो. तरी दृष्टीचा तंतू प्रकाशाचीच वार्ता देतो. यावरून म्युलरने असा सिद्धांत मांडला की, प्रत्येक ज्ञानतंतूची स्वतःची एक ठरावीक भाषा असते. त्याला कशानेही डिवचले तरी तो त्याच भाषेत बोलतो. म्हणजे मनाला जी प्रत्यक्ष ओळख होते ती बाह्य जगाची नव्हे, आपल्याच तंतूंच्या अवस्थेची. जगाचे ज्ञान आपणांस कितपत यथार्थ होते, हा तत्त्वज्ञानातील पुरातन प्रश्न अशा रीतीने शरीरशास्त्राच्या अंगणात आला. परंतु हाच म्युलर तंतूंच्या वेगाविषयी मात्र निराश होता. हा वेग इतका प्रचंड असावा, आणि प्राण्याच्या देहातील अंतर इतके लहान, की तो मोजण्याचे साधन मनुष्यास कधीच लाभणार नाही, असे त्याने आपल्या प्रसिद्ध पाठ्यग्रंथात लिहून ठेविले होते.

येथे क्षणभर शरीरशास्त्र सोडून वेधशाळेत जावयास हवे. कारण मनाला वेळ लागतो ही गोष्ट प्रथम ज्योतिर्विदांना नडली. दुर्बिणीतील तारेवरून तारा केव्हा सरकला हे पाहावयाचे, आणि त्याच वेळी घड्याळाचे ठोके कानांनी मोजावयाचे, अशी तेव्हा वेध घेण्याची पद्धत होती. ग्रीनिच येथील राजज्योतिषी मॅस्कलिन याला असे आढळले की, आपला साहाय्यक किन्नब्रुक याची नोंद आपल्या नोंदीहून सेकंदाच्या आठ दशांशांनी मागे पडते. सूचना देऊनही फरक मिटेना, तेव्हा १७९६ साली त्याने साहाय्यकास कामावरून दूर केले. वीस-पंचवीस वर्षांनी ही हकीकत क्योनिग्सबेर्गच्या वेधशाळेचा प्रमुख बेसेल याच्या वाचनात आली. आपल्या कथेतील दुसरा पुरुष तो हाच. किन्नब्रुकला आळशी ठरवून मोकळे होण्याऐवजी बेसेलने एक साधा प्रश्न विचारला: नामांकित ज्योतिर्विदांचे वेध तरी एकमेकांशी जुळतात काय? त्याने स्वतःची दुसऱ्यांशी तुलना करून पाहिली, आणि १८२० साली एका सहकाऱ्याशी त्याचा फरक एक सेकंदाहूनही अधिक भरला. तेव्हा दोष कोणा एकाच्या निष्काळजीपणाचा नव्हता. माणसामाणसांत मुळातच हा फरक होता. ज्योतिर्विदांनी त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ असे नाव दिले, आणि प्रत्येक निरीक्षकाच्या नोंदीत तेवढी दुरुस्ती करण्याचा प्रघात पाडला. हा फरक का पडतो, याचे उत्तर मात्र त्यांच्याजवळ नव्हते.

बेसेल १८४६ साली वारला. तीन वर्षांनी त्याच गावच्या विद्यापीठात हेर्मान हेल्महोल्ट्झ हा शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. हा तिसरा पुरुष. तो म्युलरचाच शिष्य. लष्करात वैद्यकी केलेला, आणि ऊर्जेच्या अक्षय्यत्वावरील १८४७ च्या निबंधामुळे नुकताच नावारूपास आलेला. गुरूने जे अशक्य ठरविले होते तेच शिष्याने हाती घेतले. त्याची युक्ती समजावयास कठीण नाही. बेडकाच्या पोटरीचा स्नायू आणि त्याला जोडलेला लांब मज्जातंतू त्याने ताजा काढून घेतला. तंतूला विजेचा झटका बसताच दुसरा एक विद्युत्प्रवाह सुरू व्हावा, आणि स्नायू आखडून त्याने वजन उचलताच तो प्रवाह खंडित व्हावा, अशी त्याने व्यवस्था केली. प्रवाह जितका वेळ वाहील त्या मानाने चुंबकाची सुई कमी-अधिक ढळे. म्हणजे सुई हेच घड्याळ झाले, आणि त्यावर सेकंदाचे सहस्रांश वाचता येऊ लागले. आता झटका एकदा स्नायूच्या निकट द्यावयाचा आणि एकदा दूर. स्नायूला आखडावयास लागणारा वेळ दोन्ही खेपांस सारखाच. तेव्हा दोन काळांची वजाबाकी केली म्हणजे जो उरेल तो केवळ तंतूतील प्रवासाचा काळ. नोंदी उतरून घेण्याच्या कामी त्याची नवपरिणीत पत्नी ओल्गा त्याला साहाय्य करी. पाच-सहा सेंटिमीटरांच्या अंतराला सेकंदाचे दीड-दोन सहस्रांश लागत. हिशेब केला तेव्हा वेग सेकंदास सुमारे सत्तावीस मीटर निघाला.

ज्याला प्रकाशाच्या पंक्तीला बसविले जात होते, तो तंतूंचा वेग हवेतून जाणाऱ्या आवाजाच्या एक दशांशाहूनही कमी भरला! हे कोणालाही सहजासहजी पटणारे नव्हते. जानेवारी १८५० मध्ये बर्लिन येथील विद्वानांपुढे हा वृत्तांत वाचला गेला, तेव्हा ऐकणाऱ्यांस त्याचा नीट उलगडाही झाला नाही. परंतु सर्वांत बोलकी शंका हेल्महोल्ट्झच्या घरातूनच आली. त्याचे वडील पॉट्सडॅमच्या माध्यमिक शाळेत शिक्षक होते आणि तत्त्वज्ञानाचे मोठे भोक्ते होते. मुलाच्या शोधाविषयी कळल्यावर त्यांनी त्याला असे कळविले की, विचार आणि त्याचा देहातील आविष्कार यांना मी एकामागून एक घडणाऱ्या दोन गोष्टी मानीत नाही, ती एकच जिवंत क्रिया समजतो. तेव्हा युगांपूर्वी विझून गेलेला तारा आजही दिसतो म्हणणे जसे मला पटत नाही, तसेच हेही पटत नाही. या वृद्ध शिक्षकाची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ताऱ्याच्या बाबतीत त्यांचे चुकले होते हे खरे. परंतु मुलाच्या शोधाचा मर्मभाग कोणता, हे त्यांनी विद्वत्सभेच्या आधी ओळखले होते. जी क्रिया अखंड वाटते तिचे तुकडे पाडता येतात, आणि तुकड्यांमध्ये काळ भरलेला असतो, हाच तो मर्मभाग.

हेल्महोल्ट्झने त्याच वर्षी क्योनिग्सबेर्ग येथे दिलेल्या व्याख्यानात तंतूंना तारायंत्राच्या तारांची उपमा दिली, आणि देवमाशाचे उदाहरण घेतले. एवढ्या प्रचंड प्राण्याच्या शेपटीस इजा झाली तर ती डोक्यापर्यंत कळावयास सुमारे एक सेकंद जाईल, आणि शेपूट हलविण्याची आज्ञा परत पोहोचावयास आणखी एक! माणसाच्या त्वचेवर निरनिराळ्या ठिकाणी झटका देऊनही त्याने असेच मापन करून पाहिले व सेकंदास सुमारे साठ मीटर असा वेग काढला. परंतु हे आकडे प्रत्येक खेपेस इतके बदलत की त्यांवर त्याचा स्वतःचाच भरवसा बसेना. आज आपणांस ठाऊक आहे की एकाच देहात सर्व तंतूंचा वेग सारखा नसतो. जाड व वेष्टित तंतूंतून संदेश सेकंदास शंभर मीटरांहूनही अधिक वेगाने जातो, तर मागाहून जाणवणारी रेंगाळती कळ नेणाऱ्या बारीक तंतूंतून तो चालत्या माणसाच्या गतीने जातो. ठेच लागल्यावर आधी झटका आणि मग ठणका असा जो अनुभव येतो, त्याचे हेच एक कारण होय.

माणसावरील आकडे बदलतात, ही हेल्महोल्ट्झच्या दृष्टीने अडचण होती. इतरांनी तिचीच संधी केली. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल वेधशाळेचा प्रमुख हिर्श याने १८६१-६२ च्या सुमारास सूक्ष्म कालमापकाने असे दाखविले की, आवाज ऐकून खूण करावयास माणसाला साधारण सेकंदाचे पंधरा शतांश लागतात व उजेड पाहून वीस शतांश. एवढ्या वेळातील तंतूंतला प्रवास अगदी थोडा. मग उरलेला वेळ कशात जातो? उत्रेख्त येथील नेत्रवैद्य डोंडर्स याने याचे उत्तर शोधण्यासाठी हेल्महोल्ट्झची वजाबाकीच उचलली. प्रयोगास बसलेल्याच्या दोन्ही पायांवर विजेचा हलका झटका देण्याची सोय केली, आणि ज्या पायाला झटका बसेल त्या बाजूच्या हाताने खूण करावयास सांगितले. कोणत्या पायाला झटका बसणार हे आधी ठाऊक असे तेव्हा वेळ कमी लागे; ठाऊक नसे तेव्हा सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग अधिक लागे. डोंडर्सने १८६८ साली लिहिले ते असे की, हा पंधरावा भाग तंतूंचा नव्हे, स्नायूंचाही नव्हे. ओळखण्याचा व निवड करण्याचा, म्हणजे मनाचा, तो काळ होय. कांटने ज्या दारावर कुलूप घातले होते, ते दार येथे किलकिले झाले.

ज्यांचा भारतीय दर्शनांशी परिचय आहे त्यांना या ठिकाणी न्यायदर्शनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. एका क्षणी दोन ज्ञाने उत्पन्न होत नाहीत, हे नैयायिकांनी मनाच्या अस्तित्वाचे गमक मानिले आहे. अनेक ज्ञाने एकदम झाल्यासारखी वाटतात त्याचे काय, या आक्षेपाला आपल्या शास्त्रकारांचा दृष्टान्त कमळाच्या शंभर पाकळ्यांचा आहे: सुई आरपार घातली की सर्व पाकळ्या एकदम विंधल्याचा भास होतो, वस्तुतः त्या एकामागून एक विंधल्या जातात. १८६१ च्या सुमारास जर्मनीतील विल्हेल्म वुंट याने लंबकाचे घड्याळ व घंटी यांची एक रचना करून असेच काहीसे अनुभवास आणले. लंबकाची जागा पाहणे आणि घंटीचा नाद ऐकणे या दोन गोष्टी एकाच क्षणी मनाला साधत नाहीत. एकीकडून दुसरीकडे अवधान वळण्यास सुमारे अष्टमांश सेकंद जातो, असे त्याने काढले. यावरून आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. नैयायिकांनी तर्काने क्रम सिद्ध केला. वुंटने त्या क्रमाला आकडा दिला. दृष्टान्त आणि मापन या दोहोंचे कार्य निरनिराळे आहे, आणि त्यांपैकी कोणालाही कमी लेखण्याचे कारण नाही.

वुंट हा वैद्यकाचा पदवीधर. १८५८ पासून काही वर्षे तो हायडेलबर्ग येथे हेल्महोल्ट्झचाच साहाय्यक होता. मज्जातंतूंच्या प्रयोगांत हात बसलेल्या या माणसाने १८७४ साली जो ग्रंथ पुरा केला, त्याच्या नावातच मानसशास्त्राला ‘शरीरक्रियात्मक’ हे विशेषण लावलेले आहे. १८७९ साली त्याने लाइपत्सिक विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू केली, आणि मानसशास्त्राच्या स्वतंत्र संसाराचा आरंभ पुष्कळ जण तेथूनच धरतात. विद्युत्कळी, कालमापक, लंबक ही तेथील उपकरणे बहुतेक शरीरशास्त्रज्ञांच्या व ज्योतिर्विदांच्या घरून आलेली होती. निरनिराळ्या देशांतून विद्यार्थी तेथे जमले. त्यांपैकी म्युन्स्टरबर्ग पुढे अमेरिकेत हार्वर्डला गेला. त्याच्या हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. क्योनिग्सबेर्गच्या बेडकापासून निघालेला धागा असा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचतो.

परंतु याच प्रयोगशाळेत त्या वजाबाकीच्या मर्यादाही प्रकट झाल्या. जेम्स कॅटेल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने वाचनाचा काळ मोजला. अक्षरे जोडून शब्द होतो, तेव्हा शब्दाला अक्षराहून अधिक वेळ लागावा असा हिशेब कोणीही करील. प्रत्यक्षात ओळखीचा लहान शब्द वाचावयास एका सुट्या अक्षराहून अधिक वेळ लागेना! शिवाय असंबद्ध शब्दांची ओळ वाचावयास जितका वेळ लागे त्याच्या सुमारे निम्म्या वेळात तितक्याच शब्दांचे अर्थपूर्ण वाक्य वाचून होई. अर्थ आला की काळ आक्रसतो, बेरीज चुकते. वुंटचाच दुसरा शिष्य क्युल्पे याने पुढे आक्षेप घेतला की, कामात एक पायरी वाढविली म्हणजे फक्त तेवढीच पायरी वाढते असे नाही. सबंध कामाचे रूपच बदलते. अखंड जिवंत क्रियेविषयी पॉट्सडॅमच्या शिक्षकाने काढलेली शंका अर्धशतकाच्या आतच अशा रीतीने प्रयोगशाळेतून परत आली. आज मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रांतही दोन अवस्थांतील वजाबाकीचा आधार घेतला जातो, आणि हा आक्षेप तेथेही संशोधकांना टाळता येत नाही.

कॅटेलने मात्र मोजण्याचा उत्साह सोडला नाही. १८९० साली त्याने ‘मानसिक कसोट्या’ हा शब्दप्रयोग रूढ केला आणि प्रतिक्रियेचा काळ, स्पर्शाची सूक्ष्मता, मुठीचा जोर अशा मापांची यादी दिली. ज्याचे तंतू चपळ त्याची बुद्धी चपळ, अशी या प्रयत्नामागील आशा होती. १९०१ साली त्याच्याच कोलंबिया विद्यापीठातील विस्लर याने विद्यार्थ्यांचे प्रतिक्रिया-काल त्यांच्या परीक्षेतील गुणांशी ताडून पाहिले. लॅटिन व ग्रीक या दोन विषयांच्या गुणांचा परस्परसंबंध ०.७५ होता, प्रतिक्रिया-काल व गुण यांचा संबंध जवळजवळ शून्य भरला. विस्लरची पाहणी निर्दोष नव्हती, आणि पुढील काळातील काटेकोर प्रयोगांत या दोहोंत काही थोडा संबंध आढळला, हे सांगितलेच पाहिजे. तरी तंतूंच्या घड्याळावर बुद्धी वाचता येईल, ही आशा तेव्हा मावळली ती मावळलीच. चार वर्षांनी पॅरिस येथे बिने व सिमों यांनी मुलांची आकलनशक्ती पाहणारी, साध्या व्यवहारी प्रश्नांची कसोटी तयार केली. नवल असे की, कीटकांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून बिनेने १८९४ साली पदवी मिळविली होती. तंतूंचा अभ्यास केलेल्या माणसानेच मुलाची पारख तंतूंवरून करण्याचे नाकारले. या कसोटीचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केले, आणि त्यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला.

स्वतः वुंटचा शेवट तर अधिकच उद्बोधक आहे. संवेदना, अवधान, प्रतिक्रिया यांपुरता प्रयोग चालतो. विचार, भाषा, श्रद्धा, रूढी यांच्यापर्यंत घड्याळ पोहोचत नाही, अशी त्याची धारणा होती. आयुष्याची अखेरची वीस वर्षे त्याने लोकमानसावरील दहा खंडांच्या ग्रंथाला दिली. १९०० साली त्यास आरंभ झाला, आणि १९२० साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, तो संपला. त्याचा पहिलाच विषय भाषा हा होता. पुढील खंडांत पुराणकथा, धर्म, समाज यांचे विवेचन आले. प्रयोगशाळेच्या जनकाने मनाचा उरलेला अर्धा भाग शोधण्यासाठी भाषेच्या दारात यावे, ही गोष्ट भाषेच्या उपासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तेव्हा मज्जातंतूंच्या संशोधनाने मानसशास्त्राला काय दिले? पहिली देणगी धैर्याची. मनाच्या क्रियेला काळ लागतो, आणि जे काळात घडते ते मोजता येते, हा विश्वास त्याने दिला. त्यावाचून हे शास्त्र चिंतनाच्या ओसरीवरच बसून राहिले असते. दुसरी देणगी पद्धतीची, आणि तिसरी, जी देणाऱ्याच्या मनातही नव्हती, ती विनयाची. मोजता मोजता काय मोजता येत नाही हे कळत गेले, ते मोजण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला म्हणूनच.

तीस वर्षे शाळेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला या इतिहासातील दोन माणसे विशेष जवळची वाटतात. एक मॅस्कलिन, ज्याने आपल्याहून मागे पडणाऱ्यास दूर केले. दुसरा बेसेल, ज्याने तोच फरक पाहिला आणि आधी स्वतःला मोजले. वर्गात प्रश्न विचारताच काही हात वर जातात, काही हात उशिरा जातात. आणि उशिरा जाणाऱ्या हाताखाली कोणते काम चालले आहे, हे बाकासमोर उभे राहून दिसत नाही. जेथे एक सेकंद अधिक लागला तेथे आळस आहे, मंदपणा आहे, की मन अर्थ शोधीत आहे, हे घड्याळ सांगू शकत नाही. ते शिक्षकानेच थांबून पाहावयाचे असते. मनाला वेळ लागतो, हे शास्त्राने पावणेदोनशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. तो वेळ देणे मात्र आपल्या हाती आहे.